खारूच्या नाकाचं वर्तमान

ती. ताईस,

सादर नमस्कार. शाळेत तू नाकात खोडरबराचा तुकडा घातला होतास, ती दुपार सारखी आठवते आहे. सिस्टरांनी तुझी मोकळी नाकपुडी दाबली, "तोंड मीट आणि शिंकर" म्हणाल्या, आणि तुकडा थेट त्यांच्या चहात. त्यांनी तो चमच्याने काढला आणि चहा संपवला. (त्या काळी माणसं कशानेच मरत नसत.) तुझा गुडघा कसा आहे? बरा असला तरी जिने चढू नकोस.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण नाही. सोमवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी कानाच्या यंत्रातली बॅटरी बदलत होते. (चपट्या वाटाण्याएवढी असते.) खारू, म्हणजे माझी साडेतीन वर्षांची नात, शेजारच्या खुर्चीवर उभी. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे ती काय बोलली ते कळलं नाही. वळून पाहिलं तर ती नाकाकडे बोट दाखवत होती. मणीबिणी गेला असेल, असं धरून मी सिस्टरांचा उपाय केला. शिंकर म्हटल्यावर खारूने जोरात श्वास आत ओढला. (तू त्या मानाने फार समंजस मूल होतीस.) मग मी भुवयांचा चिमटा घेतला. तो घ्यायला नको होता. वस्तू दिसेनाशी झाली आणि रक्त आलं.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईंना मी "मणी" सांगितलं. त्यांनी आम्हाला गळू झालेल्या एका गृहस्थांच्या मागे बसवलं. दोन तास. खारूच्या नाकातून काळं पाणी येऊ लागलं, तेव्हा ते गृहस्थच उठून ओरडले. तोवर सून कामावरून धावत आली होती. डॉक्टरीणबाई तिच्यादेखत मला म्हणाल्या, "आजी, शिंकरायला लावलंत ते ठीक. चिमटा कशाला घातलात? आणि मणी काय? बॅटरी म्हणाला असतात तर धावत आत घेतलं असतं. ती आतून भाजते हो!"

बॅटरी काढली, पण दोन नाकपुड्यांमधला पडदा भाजला आहे. भोक पडणार का, ते पंधरा दिवसांनी कळेल. मुलगा म्हणाला, "आईला काय माहीत, बिचारीला!" सून खारूचं नाक टिपत राहिली. खारू मात्र "माझ्यात बॅटरी होती" असं दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगते आहे.

तुझी धाकटी

ता. क. मला माहीत होतं. टेबलावरची जुनी बॅटरी नाहीशी झालेली मी चिमटा आणायला उठण्याआधीच पाहिली होती. "आई, बॅटऱ्या वर ठेवा," असं सून रोज बजावायची. तिला कळण्यापेक्षा मणी बरा वाटला.

आणखी एक. रविवारी येशील तेव्हा या पत्रासोबतच्या पार्सलातले जाड खडू खारूला दे. (मुठीत मावतात, इतरत्र कुठे नाही.) मी स्वयंपाकघरात असेन. पार्सलातल्याच बंद पाकिटात वरचं सगळं लिहिलं आहे. ते सुनेच्या हातात दे. मुलाला देऊ नकोस. तो लगेच माफ करेल.