राणी अजून उभी आहे

२९ ऑगस्ट ९९, रवि.
ठरलं. स्वतःचं कॉम्प्युटर मशीन जोडून घ्यायचं. ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढते. तिथं बाहुल्या काढत बसले तर साहेब हाकलतील!
सकाळी ओरत्तनाडला अक्काकडे जाऊन आले. हृदयाच्या ऑपरेशनचं ठरलं, दसऱ्यानंतर, चेन्नईला. मीच घाबरलेली, ती निवांत. शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली, "आईचा कोलू एकदा बघायचा होता गं, सरू." एवढंच. मग दुसरंच काही बोलायला लागली.
नवरात्राला सहा आठवडे. कोलूच्या नऊ पायऱ्या, त्र्याहत्तर बाहुल्या, सगळ्या कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या. कुठली कुठं मांडायची, सगळं मला पाठ. असायलाच हवं. घालवल्या मीच.

२ सप्टें., गुरु.
सेल्वमच्या दुकानात. ह्याच बाकावर हा आमचा रेडिओ दुरुस्त करायचा. मी आणि अक्का समोर उभ्या, कधी आवाज येतो म्हणून. तेव्हा डोक्यावर केस होते त्याच्या. बाक तोच, राळेचा वास तोच.
दोन पॉवर सप्लाय माझ्या दोन हातांत ठेवले. "तूक्कि पारुंग, मॅडम." उचलून बघा. लेबल दोन्हींवर अडीचशे वॅटचंच. एक पोह्यांच्या डब्यासारखा हलका, दुसऱ्यानं मनगट खाली गेलं. "हलक्यात माल नाही. लेबल काय, कुणीही चिकटवतं."
भारी सप्लाय घेतला तर कार्ड साधं. सोळा एमबीचं थ्रीडी कार्ड घेतलं तर सप्लाय हलका. दोन्ही परवडत नाही. त्यानं त्या कार्डावर एक किटली फिरवून दाखवली. गर्रकन फिरली! झालं, मी कार्ड घेतलं.
"मॅडम, कार्ड नुसतं फिरवतं. शेवटचं रंगीत चित्र प्रोसेसर काढतो, त्याला तास लागतात, करंट टिकायला लागतो." ऐकते कुठं मी!

१२ सप्टें., रवि.
शेट्टी-शेट्टीण, वाणी नवरा-बायको, झाले, पुढ्यात डाळ-तांदळाच्या राशींसकट. शेट्टीचं पोट तीनदा वाढवलं, तरी आमच्या शेट्टीएवढं होईना. अक्काला फोन. "तिसऱ्या पायरीवर तो. कानात कुंडल, डाव्या कानाचं उडालेलं. तूच पाडलंस." कुंडल उडवलं.
राणी आज करायला घेतली. दसऱ्याला राणीला आडवी करून निजवायचं, मग कोलू संपला. ते काम धाकटीचं. म्हणजे माझं. मी दरवर्षी रडायचे, आणि आई सुंडलची, हरभऱ्याच्या उसळीची, वाटी हातात द्यायची.
आई गेल्यावर बाहुल्यांची पेटी माझ्याकडे आली. अक्का म्हणाली होती, परणावर ठेव. मी म्हटलं, माळ्यावर कोण चढवतंय एवढी जड, आणि मागच्या खोलीत जमिनीवर ठेवली. त्या पावसाळ्यात कालवा फुटला. दोन दिवस पाणी घरात. बाहुल्या कच्च्या मातीच्या. अक्का आली, पेटी उघडली, आत हात घातला. कोपरापर्यंत चिखल. हात धुतला आणि म्हणाली, "फिल्टर कापी कर." बस. बावीस वर्षं झाली, त्यावर एक शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ सप्टें., रवि.
त्र्याहत्तर पुऱ्या. सकाळी सहाला रेंडर, म्हणजे ते शेवटचं चित्र, काढायला लावलं. चित्र वरून एकेक ओळ उतरतं. नऊपर्यंत कलश. दुपारी चौथी पायरी. काय उजेड पडला होता बाहुल्यांवर! समईच लावल्यासारखा. हात जोडले गेले.
चारला बाहेरच्या शेतांत पंप सुरू झाले. लावणीचे दिवस. दिवा पिवळा पडला, मशीन फट्टकन बंद, मग आपोआप चालू, आणि पडदा कोरा.
पुन्हा पाणीच.

३ ऑक्टो., रवि.
दुसऱ्यांदा. पाचवी पायरी. पंप.
सेल्वम म्हणतो, कार्ड परत करा, भारी सप्लाय न्या, सुंदर चित्र निघेल. उद्या नेऊन देणार होते.
संध्याकाळी अक्काचा फोन. सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मागून दिसेल का गं?"
"मागून?"
"पाठी. पुढून सगळ्या गावानं बघितलाय आईचा कोलू. पाठी आपण दोघींनीच ना."
खरंच की. पाठी बिनरंगाच्या, आईनं खडूनं घातलेला पायरीचा आकडा. पेटीतून काढताना अक्का आकडा वाचायची, मी नेऊन ठेवायची. आणि मी पाठी कोऱ्याच सोडलेल्या! कुणाला दिसणार म्हणून.

५ ऑक्टो., मंगळ.
कार्ड ठेवलं. चित्र नकोच. कोलू फिरवायचा, अक्कासमोर, खरखरीत दिसला तरी. चित्र काढायचं नाही तर एवढी मेमरी कशाला? एक पट्टी सेल्वमला परत दिली, बदल्यात भारी सप्लाय. मेमरीचा भाव चढलाय म्हणून स्वारी खूश. "मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?" सांगितलं होतंस बाबा.
ऑफिसातून आल्यावर रोज पाठी. त्र्याहत्तर आकडे. आईचा सात, शेपूट वळवलेला.

१० ऑक्टो., रवि.
ओरत्तनाड बस. मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर, मशीनची पेटी कंडक्टरच्या पायाशी. "काय आहे, अम्मा?" "कोलू." सामानाचं तिकीट लावलं नाही.
अक्काच्या हॉलमध्ये मांडलं. माउस तिच्या हातात दिला. भसकन फिरवून थेट मागं गेली. बोटानं पडद्यावरचे आकडे वाचायला लागली, मोठ्यानं. "पाच. पाच. दोन. हा सहा नव्हे, आठ." मी उठून उभी राहिले, ठेवायला जायचं असल्यासारखी. चारला पंप लागले, दिवा पिवळा झाला. मशीन हललं नाही.
मशीन दसऱ्यापर्यंत तिथंच ठेवलं.

१९ ऑक्टो., मंगळ. दसरा.
अक्काची बॅग भरलेली. उद्या चेन्नई.
"निजव राणीला. तुझं काम." दोन वेळा क्लिक केलं की आडवी होईल. बसले. बोट काही दाबेना.
तेव्हा अक्का, मागं उभी, एकदम म्हणाली, "परणावर ठेवायची पेटी. सांगितलं होतं की नाही तुला? गाढवच आहेस!" आवाज चढलेला, चेहरा लाल. मी म्हटलं, डॉक्टरांनी चिडायचं नाही सांगितलंय. म्हणाली, चिडणार, आज चिडणार. मग दोघी रडलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.
डोळे पुसून म्हणाली, "राहू दे उभी. मी आले की निजव."

२२ ऑक्टो., शुक्र.
मशीन घरी आणलं. परणावर चढवायची सोय नाही, म्हणून टेबलाखाली चार विटा रचून त्यांवर ठेवलं.
अक्काला आज सकाळी आठला आत नेलं. भावोजी म्हणाले, झालं की फोन करतो. आता चार वाजले. पंप लागले.
कोलू लावून बसलेय, मागच्या बाजूनं.