आईची स्लाइड आणि माझा कॉम्प्युटर

बर्नी, टास्मानिया

२ मार्च
फिल्म स्कॅनर गेला. धूर आला, वास आला, संपलं. नवा घ्यायचा. अट एकच, माझ्या २००१च्या कॉम्प्युटरला चालला पाहिजे. थोरल्या बहिणीची, मर्लची, नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत टिकली तर नशीब. तिला आईची एक स्लाइड, टिकलीएवढ्या फिल्मवरचा जुना फोटो, मोठी करून पाहायचीय. समुद्राकाठच्या आमच्या खोपटाच्या पायरीवर आई ओल्या केसांनी हसतेय, ती. दोन आठवड्यांचं काम.

६ मार्च
बायको, ग्लेनिस, म्हणाली, अरे चादर टांग, बाबांचा प्रोजेक्टर लाव, पूर्वी स्लाइड-नाइट करायचो तशी करू, एका संध्याकाळचं तर काम. असल्या जुनाट वस्तूंचे दिवस गेले, हे तिला समजावलं. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत समजावत होतो, म्हणजे वीस मिनिटं.

९ मार्च
प्रोजेक्टर मेन्स शेडला, रिटायर्ड मंडळींच्या ठोकाठोकीच्या क्लबला, देऊन टाकला. टेबलावर जागा झाली. निम्मं काम फत्ते.

४ एप्रिल
नवा स्कॅनर आला. कॉम्प्युटर ओळखच देत नाही. शेजारचा ट्रेव्ह म्हणाला, बाबा रे, कॉम्प्युटर बदल. चांगला चालता कॉम्प्युटर टाकायला मी काय वेडा आहे? स्कॅनर परत.

१९ मे
ॲडलेडहून जुना स्कॅनर मागवला. प्लग बसला. तो कॉम्प्युटरवर चालवायची सीडी मात्र विकणाऱ्याने हरवलीय. शोधतो म्हणाला. माणूस सज्जन वाटतो.

३० जून
सज्जन फोन उचलत नाही.

२ जुलै
मर्लचा फोन. चहा कपाबाहेर ओतला म्हणाली, हसत होती. विचारलं, आई स्कॅन झाली का रे? म्हटलं, येत्या आठवड्यात. ग्लेनिस दिवसभर माझ्याशी बोलली नाही. निवांतपणा मिळाला.

१८ जुलै
प्रोजेक्टर परत मागायला शेडवर गेलो. ग्लेनिसला सांगितलं नाही. त्यांनी त्याचा पंखा काढून सॉसेजच्या शेगडीला बसवलाय. काम सुबक आहे. एक सॉसेज खाऊन आलो.

२३ ऑगस्ट
सज्जनाची सीडी अखेर आली. स्कॅनर चालला. आई स्क्रीनभर. तडक मर्लला घेऊन आलो. ती स्क्रीनला नाक लावून बसली. म्हणाली, कॉलिन, चालू केलंस का?
चालूच होतं.
मग म्हणाली, बरं, तू सांग कशी दिसते. मी सांगायला लागलो. पायरी, टॉवेल, ओले केस. हसण्यापाशी आल्यावर मी चहा टाकायला उठलो. पुढचं ग्लेनिसने सांगितलं.
मर्लला घरी सोडून आल्यावर विचार केला. मॉनिटर लहान पडला असणार. मोठा घ्यायला हवा. या कॉम्प्युटरला कुठला चालतो, ते उद्या बघतो.