केरबाच्या वस्तीवरची लाल फुली

९ जानेवारी १९७४, बुधवार

कचेरीत बसायला मिळालेली खुर्ची डुगडुगते! पायाखाली पुठ्ठा घातला. शाळेतल्या चित्रकलेच्या तासांपासून दीड महिना सुटका, हे मात्र बरं झालं. नकाशे काढणारे गृहस्थ आजारी, म्हणून शिक्षण खात्याला साताऱ्यात माझी आठवण झाली. विस्तार अधिकारी नानासो म्हणाले, "बाई, तुमची रेघ सरळ येते म्हणे." येतेच!

काम असं. माण तालुक्यातल्या प्रत्येक गावाचा, वाडीवस्तीचा एकेक फॉर्म गुरुजींनी भरून पाठवलाय. तो बघून नकाशात खूण करायची. शाळा असेल तिथं निळा ठिपका आणि कंपासनं दीड किलोमीटरचं वर्तुळ. वर्तुळाबाहेर दोनशे माणसांची वस्ती सापडली, की हिरवा ठिपका. हिरव्या ठिपक्यांतून नव्या शाळा ठरणार. ओस पडलेल्या वस्तीवर लाल फुली.

११ जानेवारी

फॉर्म शंभर-शंभराच्या गठ्ठ्यात दोऱ्यानं शिवलेले. तिसरा रकाना लोकसंख्येचा. कड वर करून तेवढा बघायचा नि पुढं जायचं. माझा हात असा बसलाय की नानासो चहा विसरून बघत राहिले.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. बोटाची शाई काही गेली नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार

संपला! भिंतीला लावून लांबून पाहिला. फार देखणा झालाय. मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार?

एकच जागा खटकत होती, पार उत्तरेला. केरबाची वस्ती. फॉर्म आहे, लोकसंख्येचा रकाना कोरा. हिरवा ठिपका नाही, काही नाही — नकाशात भोक पडल्यासारखं दिसत होतं. गेल्या साली दुष्काळात किती वस्त्या उठल्या. कोरा म्हणजे ओस. लाल फुली मारली, नकाशा पुरा झाला. फॉर्मचे गठ्ठे आणि नकाशाची प्रत आजच पुण्याला गेली.

२७ जानेवारी, रविवार. पलूस

सव्वीस जानेवारीला जोडून माहेरी आले. दादानं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवलीत. मेंढरांचं खत मिळालं की दोन वर्षं रानाला बघायला नको, असं त्याचं म्हणणं. रानात चुली, घोडी, जाळीच्या कुंपणात कोकरं. एक म्हातारी लोकर निवडत होती, तानुबाई. सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मानातल्या, ताई. केरबाची वस्ती म्हंत्यात."

मी म्हटलं, "ती तर ओस पडलीय."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं नि हसली. "कोन म्हनलं? दिवाळी झाली की आमी कृष्णाकाठाला उतरतो. आखाडात माघारी. घरं हायती की! दाराला काटं लावून आलोय."

काल-परवापर्यंत भिंतीपुढं उभी राहून स्वतःचं कौतुक करत होते! ओस म्हणून फुली मारलेली अख्खी वस्ती माझ्या भावाच्या रानात भाकरी थापत बसलीय.

२८ जानेवारी

एक दिवसाची रजा वाढवली. दोनशे माणसं भरली तरच हिरवा ठिपका. म्हणून सकाळीच वही घेऊन गेले आणि पोरं मोजायला बोट वर केलं. तानुबाईनं माझं बोट धरून खाली केलं!

"बोटानं मोजू नगा, ताई. मेंढरू मोजत न्हाईत, वळखत्यात. मानसाचं बी तसंच."

"मग शाळा कशी मागू?"

"मागा की. नावं सांगते. मी काय न्हाई म्हनलं?"

मग तिनं जमिनीवर काठी ओढली. "ही किस्ना. ह्यो तुमचा पलूस." एकेका चुलीला एकेक खडा. पलूसला नऊ. तासगावच्या अंगाला अकरा. वाळव्याकडं बारा, कराडच्या खाली सात. दर खड्याला हात लावून त्या चुलीवर कोण कोण जेवतं त्यांची नावं सांगायची. एकदाही अडली नाही. आकडा तिनं उच्चारला नाही, मी मनात मोजत गेले. चुली एकोणचाळीस. माणसं दोनशे त्रेचाळीस. शाळेच्या वयाची पोरं शेहेचाळीस, त्यातलं एकही शाळेत नाही.

काठीनं ओढलेली कृष्णा बघत उभी राहिले. वाळव्याजवळचं वळण बरोबर होतं! मी जुना नकाशा समोर ठेवून दोनदा खोडलं होतं ते. खडे उचलायच्या आत सगळं वहीत उतरवून घेतलं.

निघताना तानुबाई म्हणाली, "माजी नात लय हुशार हाय. शाळा झाली तर मी तिला घिऊन वस्तीवरच ऱ्हाईन. मेंढरामागं चालून माजं बी गुडघं गेल्यात." थट्टेत म्हणाली नाही.

३० जानेवारी

नानासोंना वही दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघितली. "कुणी मोजली? रजेत, भावाच्या रानात? चुली फिरत्या आहेत, बाई."

"चूल फिरते, घर कुठं फिरतं?" मी एवढंच म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पाठवू पुण्याला. पण आधीचा नकाशा गेलाय, त्यावर फुली आहे. ती कशी आली ते सांगावं लागेल."

कशी आली? गुरुजींनी आकडा घातला नाही म्हणून आली! घरी बसून फॉर्म भरतात नि निस्तरायचं आम्ही.

५ फेब्रुवारी

ज्यांनी तो फॉर्म भरला त्या जालिंदर गुरुजींना आज बोलावून घेतलं होतं. वस्तीपासून दोन कोसांवरच्या एकशिक्षकी शाळेत असतात. उंच, पंचविशीतले, कपडे स्वच्छ. दारात उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गेलतो की साहेब मी. दाराला काटं लावल्यालं. मानूस न्हाई, मग आकडा कशाचा घालू?"

"मग तसं लिहायचं," नानासो म्हणाले.

"लिवलंय, साहेब."

नानासोंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "फॉर्म मी स्वतः पाहिलाय. रकाना कोरा होता."

गुरुजी आणखी काही बोलतील असं वाटलं. "बरं," म्हणाले आणि गेले. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्या शांतपणे घातल्या. मला त्यांचा राग आला. चुकलेल्या माणसानं इतकं शांत असू नये!

६ फेब्रुवारी

जालिंदर गुरुजींना लेखी ताकीद. टंकलेखक रजेवर. नानासो म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर छान आहे." 'माहिती भरण्यात निष्काळजीपणा' — निष्काळजीपणा या शब्दाचे काने काय सुरेख आलेत.

२१ फेब्रुवारी

पुण्याचं उत्तर नाही. उद्यापासून परत शाळेत. सातवी 'ब', फुलदाणी.

४ जून, मंगळवार

कचेरीतून निरोप, येऊन जा. गेले तर नानासो चक्क उभे राहिले! केरबाच्या वस्तीला शाळा मंजूर. जूनमध्येच उघडायची, म्हणजे लोक परततील तेव्हा पाटी लागलेली असेल. भिंतीवरच्या नकाशातली फुली मी ब्लेडनं खरवडली, वर हिरवा ठिपका दिला. कागद तिथं जरा पातळ झालाय, जवळून दिसतं. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. तानुबाईचे खडे कामी आले!

७ जून

नानासोंकडे पुन्हा जाऊन आले. शाळा आहे, शिक्षक नाही. तिघांना विचारलं, तिघांनी आजारपणाचे दाखले आणून दिले. पाणी नाही, एसटी नाही, दिवाळीनंतर म्हातारी नि पोरं सोडली तर वस्ती रिकामी, कोण जाईल? महिनाअखेर कुणी रुजू झालं नाही तर मंजुरी परत जाते.

"एकाचा अर्ज आहे," नानासो म्हणाले. "जालिंदरचा. पण लेखी ताकीद आहे. ताकीदवाल्याला नवी शाळा देत नाहीत."

शाळा परत जाणार, तीही त्याच्याच आळसापायी, असं मनात आलं. ते इथं लिहून ठेवते.

११ जून

तानुबाईचा गुडघा सारखा आठवतो.

१२ जून, बुधवार

पुण्याहून गठ्ठे परत आले. नानासो म्हणाले, "तुमचेच आहेत, लावून टाका." एका गठ्ठ्याचा दोरा प्रवासात तुटला होता. फॉर्म टेबलावर पसरले. केरबाच्या वस्तीचा पालथा पडला.

मागची बाजू भरलेली होती. बारीक, नीट अक्षर. 'वस्तीवर आज माणूस नाही. सर्व घरे मेंढरांसह कृष्णाकाठी. आषाढात परततात. घरे एकोणचाळीस. तेव्हा मोजावीत, तोवर वस्ती ओस धरू नये. शाळा झाल्यास मी तेथे राहण्यास तयार आहे.' खाली सही, ३१ डिसेंबर.

एकोणचाळीस! तानुबाईचे खडे तेवढेच होते.

मी पान उलटलं नव्हतं. एकदाही नाही. फुली माझी.

फॉर्म घरी घेऊन आलेय. सकाळी तो नानासोंच्या टेबलावर पालथाच ठेवायचा. ताकीद माझ्या अक्षरात आहे. ती मागं घ्यायचा कागदही माझ्याच अक्षरात जाईल. तो हातात घेऊन दुपारची दहिवडी एसटी. गुरुजींच्या दारात चपला बाहेर काढायच्या आणि त्यांनी बसा म्हटलं तरी बसायचं नाही.