शहाडचं कार्ड मिळत नाही

४ फेब्रुवारी
फिनलंडच्या आजीबाईंचा गुडघा कसा असेल? तिकडे आता बर्फ, जपून चाल गं बाई. पोर्तुगालच्या रिटायर पोस्टमनभाऊंचा खोकला गेला का? चिलीच्या बेकरीवाल्या बाईंची लेक बाळंत होणार होती, झाली असेल. दोघं सुखरूप असोत. आमचं बरं आहे. जगभरच्या पत्रमित्रांच्या पोस्टकार्डांचा डबा उघडला की आधी सगळ्यांची विचारपूस, मग चित्रं.
आज फेरो बेटांवरून आलं, सुन्निवाबाईंचं. तिसरं. चारी बाजूंनी समुद्र, मूठभर घरं, छपरांवर गवत. आणि छपरावर मेंढी! दहादा बघितलं. हा एवढासा कागद इतका समुद्र ओलांडून बरोबर आमच्याच दारात कसा येतो? अजून विश्वास बसत नाही.
मजकूर बारीक. सूनबाई सारिका आली की वाचेल.

५ फेब्रु.
सूनबाई कामावरून घोडबंदरच्या ट्रॅफिकने पिळून आली, तरी चहा घेता घेता वाचलंन. "आई, त्या विचारतायत, ताजमहाल तुमच्या खिडकीतून दिसतो का?"
हसून हसून पुरेवाट. मग लाज वाटली. दोन्ही वेळा ताजच पाठवला मी. दुकानात तेवढंच मिळतं. मी कुठे गेलेय आग्र्याला!
पुढे सारिका वाचता वाचता थांबली. बाईंना काचबिंदू. एक डोळा गेला, दुसरा कडांकडून मिटत चाललाय. उन्हाळ्यापर्यंत टिकेल म्हणतात. "तोवर मला तुमचं गाव बघायचं आहे."
"ऑपरेशन केलं की येईल ना नजर?" सारिका.
मी बावीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात आया होते. इंग्रजी अक्षरं भिंतीवरच्या त्या तक्त्यावरच शिकले, वरच्या मोठ्यापासून खालच्या बारीकपर्यंत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

९ फेब्रु.
कल्याणची चार दुकानं पालथी घातली, आमच्या शहाडचं कार्ड मिळतं का म्हणून. "मावशी, शहाडचं कार्ड? शहाडला आहे काय बघण्यासारखं?" मेल्या, तू बघितलंस का कधी? पण बोलले नाही. पोस्टात पिवळं साधं मिळालं, त्यावर चित्र कुठून असणार. सारिकाने घोडबंदरच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीचं चकचकीत पत्रक आणलं. त्यात निळं तळं, हंस. "तिथे तळं नाही आई, खड्डा आहे," म्हणाली. म्हणजे आणखी एक ताजमहाल. नको.
मूठभर घरांच्या बेटाचं कार्ड निघतं. आम्ही एवढे लाखांनी इथे, आमचं नाही.
आता घरीच करायचं. कार्ड पोचायला महिना तरी जातो.

१२ फेब्रु.
शेजारच्या भोईरकाकू म्हणतात स्टेशनचा फोटो काढ. ह्यांचं म्हणणं आमच्या बिल्डिंगचा नवीन रंग. सारिकाने मोबाइलवर दोन्ही काढले. गर्दी, वायरी, बोर्ड. चांगल्या डोळ्यांनाही सापडायचं नाही काही. काचबिंदूवाल्याला मधलंच तेवढं दिसतं. वॉर्डात एक आजोबा सांगायचे, बाई, बांगडीतून बघतोय असं वाटतं.
मग वर्तमानपत्राची गुंडाळी केली, डोळ्याला लावली नि निघाले. काकू गॅलरीतून ओरडल्या, "काय गो नलू, भरदुपारी चांद शोधतंस का?"
अख्खी आळी हसली. हसू दे.
पण काय सांगू! तीस वर्षं ह्याच रस्त्याने भाजी आणली. नळीतून बघितलं तर इडलीवाल्याच्या भांड्यातून निघणारी वाफ. नुसती वाफ, उन्हात. हाराच्या दोऱ्यात फुलं ओवणारी दोन बोटं. कुठल्या परक्या गावी आल्यासारखी उभी राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर.

१५ फेब्रु.
सुट्टी. सारिका नि मी नदीवर. उल्हास नदी जलपर्णीने काठोकाठ झाकलेली, पाणी म्हणून दिसत नाही. सारिका म्हणाली, "आई, ही घाण काय पाठवायची?"
तेवढ्यात नळीत बगळा आला. पांढराशुभ्र. त्या हिरव्यावरून एकेक पाय उचलत चालत होता. नदीवर चालत होता! काठावरून अर्ध्यापर्यंत गेला. "काढ गं," मी म्हटलं, "बरोब्बर मध्ये घे. कडेला काही नको."
हिरव्यावर पांढरा. सुन्निवाबाईंना दिसेल. दिसायलाच हवा.

१८ फेब्रु.
जाड कागदावर छापून आणलं. पोस्टातल्या मॅडमनी हातात घेतलं, "कुठलं हो हे?" शहाडचंच म्हटलं तर परत बघितलं. मग जवळच्या क्लार्कला दाखवलं.
पेटीत टाकलं. हात रिकामा झाल्यावर पाच मिनिटं तिथेच उभी.
मजकूर मी मराठीत सांगितला, सारिकाने इंग्रजी केला. अक्षरं मात्र माझी, तक्त्यावरच्या वरच्या ओळीएवढी मोठी. मावेल तेवढंच. इथे उतरून ठेवते:
"सुन्निवाताई, ताजमहाल मीही पाहिलेला नाही, माफ कर. हे माझं गाव. हिरवं दिसतं ती नदी आहे, झाडोऱ्याने झाकलीय, खाली पाणी आहे. मध्ये बगळा आहे. तो दिसला का, एवढंच कळव. लिहिणं जड जात असेल तर नुसती एक रेघ ओढून पाठव, मला पुरे. पण लवकर पाठव."