मिसाओचं आमलेट

४ नोव्हेंबर
मिसाओ नागोयाला बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट. जाताना हिवाळ्याचे सगळे कपडे नेले. नागोयात थंडी फार असणार.
संकल्प: ती येईपर्यंत स्वयंपाक शिकायचा. हॉटेलांच्या शोकेससाठी प्लास्टिकचे पदार्थ बनवण्यात जन्म गेला. भजी, नूडल्स, मासे. अख्खं गुजो गाव नाव काढतं. खरे पदार्थ त्याहून सोपेच असणार.

६ नोव्हेंबर
सूप केलं. रंग अप्रतिम. फोटो काढला. प्यायलो नाही. शेजारच्या उमेझू काकूंना वाडगाभर दिलं. म्हणाल्या, "हे खरं आहे, की तुमचं?" कौतुकच म्हणायचं.
स्वयंपाक आला. विषय संपला.

११ नोव्हेंबर
मिसाओला फोन. कधी येतेस विचारलं. "बघू" म्हणाली. म्हणजे येणार. यायचं नसतं तर तोंडावर सांगितलं असतं. स्वभावच तसा आहे तिचा. बहुतेक.

१२ नोव्हेंबर, सकाळी
जबरदस्त आयडिया. ती रोज नाश्त्याला गुंडाळीचं आमलेट करायची, उमेझू काकूंनाही तुकडा द्यायची. ते प्लास्टिकमध्ये हुबेहूब करून पाठवायचं. बोलण्यात मी कच्चा, पण हातात कला आहे. साचा काढायला खरं आमलेट घरात नाही, म्हणून आठवणीतून. आठवण पक्की: आत कांद्याची पात, एक टोक जरासं करपलेलं.

१५ नोव्हेंबर
झालं. गिऱ्हाइकांची कामं पडून आहेत, असू देत. गुंडाळीचा पदर न् पदर दिसतो. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. पार्सल टाकलं. चिठ्ठी नाही, गरजच नाही. बघून रडेल बिचारी.
तिची गादी उन्हात घातली.

१८ नोव्हेंबर
फोन नाही. पोस्टाचा कारभार हल्ली ढिला आहे. गादी पुन्हा उन्हात.

१९ नोव्हेंबर
मेहुणीचा फोन. "भावोजी, कुठल्या हॉटेलची ऑर्डर चुकून इकडे आली का हो?" म्हटलं, मिसाओला द्या.
मिसाओला सांगितलं, ते तुझं आमलेट आहे. मग म्हणाली, "सुरेख झालंय. पण मी कधी पात घातली नाही. मला पात चालत नाही, घसा खाजतो. हे त्या पुलाजवळच्या खानावळीतलं असेल. त्यांचं शोकेस तुम्हीच केलं होतंत ना?"
मग तुझं कसं असायचं, विचारलं.
"रोज तुमच्यासमोरच तर ठेवत होते."
रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत काढता आली असती.

२० नोव्हेंबर
काल एक लिहायचं राहिलं. तिने तिकडे खोली घेतली आहे. एकटीपुरती.
सकाळपासून आठवतोय. आमलेट गोड असायचं की खारट? शेवटी उमेझू काकूंना विचारून आलो.
गोड, म्हणाल्या.