चवथ झाल्यावर

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार, सकाळी ७.१०
ताप पूर्ण उतरला. वय चोपन्न असूनही सहा दिवसांत मी विषाणूला परास्त केले, याची नोंद असावी. रहस्य एकच : शिस्त. दर दोन तासांनी पेज, कपाळावर थंड घड्या, दिवसातून तीनदा तापाचे मोजमाप. पेज आणि घड्या यांची व्यवस्था माझी धाकटी जाऊ कमल पाहत होती. मोजमाप सर्वस्वी माझे.
संकल्प : यंदाची चवथ निर्दोष झाली पाहिजे. धारगळच्या या घरात गणपती एकच, आणि चुलत घरे धरून चाळीस माणसे पाच दिवस इथेच जेवतात. गेल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, संपल्या. माझ्यासारख्या पीएच.डी. झालेल्या बाईच्या घरात ही नामुष्की होती.

१९ ऑगस्ट, सोमवार
कमलला ताप. एकशे दोन. चवथीला एकोणीस दिवस उरले असताना.
तिची मुलगी सेजल म्हणाली, "काकी, तुजोच ताप आयेक लागलो." पुराव्याविना काढलेला निष्कर्ष. कमल दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाते. तिथे कोण कोणावर खोकतो याचा हिशेब कोणी ठेवला आहे? 'व्हायरल' हे हल्ली आळसाचे टोपणनाव झाले आहे. माझा ताप निराळा होता. तो खरा होता.
कार्यवाटपाचा तक्ता पूर्ण केला. नेवऱ्या सातशे : कमल. हळदीच्या पानातल्या पातोळ्या : कमल. खतखत्याची मिश्र भाजी : कमल, मदतीस सेजल. देखरेख : मी.

२४ ऑगस्ट, शनिवार
ताप गेला, पण कमलचे रेंगाळणे गेलेले नाही. आज जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसकण मारली. म्हणे, "दम लागता गो वयनी. पाठीर धोंडो ठेवल्यासारको वाटता." जबडाही दुखतो म्हणाली.
मी शांतपणे विचार केला. जबडा : दाढ. दम : एकावन्नावे वर्ष, पाळी नुकतीच गेलेली. पाठ : वाकून काम करण्याची चुकीची पद्धत. तीन कारणे हाती असताना चौथे शोधणे अशास्त्रीय होय.
शांतारामभावोजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे पटले नाही. महामार्गावरच्या दुकानात खिळे विकणाऱ्या माणसाकडून तर्काची अपेक्षा नव्हतीच. म्हणाले, "वयनी, तू शिकलेली. तूच तिका दाक्तराक दाखय." शेवटचे वाक्य तेवढे योग्य होते.

२७ ऑगस्ट, मंगळवार
कमलला पेडण्याला दवाखान्यात नेले. डॉ. योगिता माझी विद्यार्थिनी. अकरावीत निबंध कधीही वेळेवर दिला नाही, आणि आता घाई मला शिकवते.
तिने छातीला वायरी लावून ईसीजी काढला. मग बराच वेळ कागद पाहत राहिली. तिच्या म्हणण्याचा सारांश : फ्लूसारख्या तापानंतर काही आठवडे रक्तात गाठी होण्याचा धोका वाढतो, हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. पाळी गेल्यावर बाईला पूर्वीचे संरक्षण राहत नाही. बायकांच्या बाबतीत छातीत कळ येईलच असे नाही. जबडा, पाठ, मळमळ, दम एवढीच लक्षणेही असू शकतात. ईसीजी तिला बरा वाटत नाही. आजच मोठ्या इस्पितळात जायचे, ती गाडी मागवते.
कमलने माझ्याकडे पाहिले. "आनी चवथ, वयनी?"
मी म्हटले, चवथ झाल्यावर जाऊ. तिचा जीव भांड्यात पडल्याचे मला स्पष्ट दिसले. योगिताने तिला पुन्हा समजावले, आवाज चढवून. कमलचे उत्तर एकच : "वयनी सांगता तशें." घरात अजून कोणीतरी मला मानते हे पाहून बरे वाटले.
योगिताने लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये ठेवली. घरी सांगितले : थोडी सूज, थोडा गॅस. गॅस हा शब्द योगिताचा नव्हे. परंतु विषय सर्वसामान्यांना समजेल अशा भाषेत मांडणे हे शिक्षकाचे कर्तव्य असते.

३१ ऑगस्ट, शनिवार
नेवऱ्यांचा आरंभ. कमलला लाटायला पाटावर बसवले. विश्रांती म्हणजे आणखी काय? तरी गती असमाधानकारक. दुपारपर्यंत केवळ एकशे दहा.
शेजारची भाग्यलक्ष्मी मदतीस आली होती. तिची जीभ हातापेक्षा जलद चालते. कमलला म्हणाली, "गो बाये, इतको घाम? गणपतीक नेवऱ्यो खाऱ्यो लागतल्यो!" सगळ्या हसल्या. कमलही हसली. मग भाग्यलक्ष्मीने तिच्या हातातले लाटणे घेतले आणि हसणे थांबवले. "हात थंड कित्याक गो तुजे?"
मी पंखा बंद केला. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, ही बरी दिसना." मी तिला कढईकडे लक्ष द्यायला सांगितले. त्या गडबडीत सात नेवऱ्या करपल्या.

३ सप्टेंबर, मंगळवार
योगिताचा तिसरा फोन. "मॅडम, गेलात का?" मी सांगितले की सर्व नियोजन झालेले आहे : बारा तारखेला, साडेनऊ वाजता, अपॉइंटमेंट. अकराला विसर्जन, बाराला हृदय. एकाही कामाने दुसऱ्याचा मार्ग अडवलेला नाही.
तिने विचारले, "मी शांतारामकाकांशी बोलू का?" मी म्हटले, त्याची आवश्यकता नाही. माझ्या शब्दावर विश्वास न ठेवणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.

६ सप्टेंबर, शुक्रवार
तयेचा, म्हणजे हरितालिकेचा, उपास. कमलने नवऱ्यासाठी निर्जळी केला. मी केला नाही. माझे शरीर अजून विषाणूच्या आघातातून सावरत आहे.
सातशे नेवऱ्या पूर्ण. बारा डबे. क्रमांक घातले.

७ सप्टेंबर, शनिवार. चवथ
चौरंगावरची माटोळी अप्रतिम. माडाची पेंड, कांगलां, आटकां, घागऱ्यो ही रानफळे, सारे प्रमाणबद्ध टांगले. मूर्ती मुहूर्तावर आली. माझे हे, म्हणजे शंभू, पाठदुखीमुळे उचलत नाहीत; त्यामुळे दरवर्षीप्रमाणे मूर्तीचा मान शांतारामभावोजींचा.
पंगत एक वाजता बसली. चाळीस पाने, एकही उणे नाही. चुलत सासरे धाकू म्हणाले, असे जेवण आपल्या आईच्या हातचे असे. मी नम्रपणे मान लवविली.
कमल दोनदा मागील दारी जाऊन ओकली. उपासानंतर गोड खाल्ल्यावर हे व्हायचेच.

१० सप्टेंबर, मंगळवार, दुपारी ३
कमल चुलीपाशी पडली. अकरा वाजता. ओठ निळसर. १०८ची गाडी वीस मिनिटांत आली. सेजल आणि भावोजी सोबत गेले.
जाण्यापूर्वी सेजलने आईची कागदपत्रे शोधण्यासाठी माझी फाइल उघडली, आणि चिठ्ठी सर्वांसमोर मोठ्याने वाचली. "आजच, असें बरयलां काकी. तारीख सत्तावीस." मी म्हटले, संदर्भ समजून घ्यावा. ती म्हणाली, "आई तुका देव मानता गो." हे प्रशंसेच्या स्वरात म्हटलेले नव्हते.
संध्याकाळी ६ : हृदयाची मोठी नळी बंद. डॉक्टर म्हणतात, चोवीस तास काही सांगता येत नाही. याचा अर्थ चोवीस तास काही होणार नाही, असाही घेता येतो.
भावोजींना फोन केला. उद्या मूर्ती त्यांनीच उचलायची आहे. ते म्हणाले, कमलला सोडून कसा येऊ? मी समजावले : देवाचे काम अर्धवट ठेवल्यास तिलाच ते लागेल. दोन तासांचा तर प्रश्न. ते येतो म्हणाले. मन वळविण्याची कला माझ्यात उपजतच आहे.

११ सप्टेंबर, बुधवार
विसर्जन वेळेवर. पाच वाजता मूर्ती तळीत उतरली.
त्यानंतर सेजलचा फोन आला. कमल गेली.
भावोजींना काठावरच सांगितले. ते ओल्या कपड्यांनिशी पायरीवर बसले. भटजी म्हणाले, आधी कळते तर सुतक लागून घरच्या कोणाला मूर्तीला हात लावता आला नसता. देवाने वेळ राखली.
मीही तेच म्हणते.

१२ सप्टेंबर, गुरुवार
साडेनऊ वाजता इस्पितळातून फोन. पेशंट आला नाही का, म्हणून विचारत होते.

१५ सप्टेंबर, रविवार
योगिता भेटायला आली. सेजलच्या शेजारी तासभर बसली. माझ्याशी बोलली नाही. शिष्टाचार विसरलेली पिढी.
विषाणू प्रथम मला झाला, हे खरे. परंतु मी बरी झाले. तिनेही व्हायला हरकत नव्हती. हे वाक्य मी तीनदा वाचले. त्यात रचनेचा दोष नाही.
चार डबे नेवऱ्या शिल्लक आहेत. कोणी खात नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार
बारावे झाले. माणसे पांगल्यावर भावोजींनी विचारले, "वयनी, त्या दिसा फोन कितक्याक आयलो?" मी म्हटले, पाचनंतर. सेजलने आपला मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पाहिले. दोघेही उठून आत गेले. कोणी काही म्हणाले असते तर मला उत्तर देता आले असते.
वर अकरा तारखेला लिहिले आहे ते खोटे आहे. फोन चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर आला. मूर्ती अजून चौरंगावर होती. भावोजी खांद्यावर पंचा टाकत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "इस्पितळांतलो गो, वयनी?"
मी म्हटले, नाही. शाळेचा.