वाट न पाहता मोडलेली भाकर

आई, आज चर्चमध्ये मंडळीचं प्रभुभोजन होतं. वडीगोद्रीकडच्या लोकांची गाडी रस्त्यात बंद पडली, म्हणून नव्या पाळकसाहेबांनी आम्हा सगळ्यांना पाऊण तास थांबवलं. लोक कुरकुरले, मोबाइल बघत बसले, पण थांबले. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. घरी आले आणि हे लिहायला बसले.

तो कापणीच्या सणाचा रविवार. मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि माझं लग्न ठरलं होतं. होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच आपल्या मंडळीत आले होते, अगदी पुढच्या बाकावर. प्रभुभोजनाची भाकर नेहमी तूच करायचीस, बेखमीर कणकेची जाड पोळी, मंद आचेवर भाजलेली. चर्चमागच्या स्वयंपाकखोलीत तू बसली आहेस, मांडीवर ताट, ताटावर पांढरा रुमाल. आत दुसरं गीत संपत आलंय. खेड्यावरची माणसं अजून आलेली नाहीत. वेचलेला कापूस मालकाच्या घरी टाकल्याशिवाय त्यांना निघता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पाळकीणबाई दारात येतात.

"भाकर झाली न्हाई का अजून?"

"झाली की."

"मंग द्या ना. साहेब थांबून राह्यले."

"माणसं यायचीत," तू म्हणालीस. "त्यांच्या वाट्याचं बी ह्याच्यातच हाये."

त्या परत गेल्या. आत माना वळायला लागल्या, सासूबाईंचीही वळली. मी उठून मागे आले.

"आई, दे ते ताट."

"थोडी कळ काढ."

"सगळे बघून राह्यलेत. माझी तरी लाज ठेव."

मी तुझ्या मांडीवरचं ताट उचललं. तू ते धरून ठेवलं नाहीस. ताटासाठी ओढाताण करणारी बाई तू नव्हतीस, आणि ते माहीत होतं म्हणूनच मी हात घातला, असं आता वाटतं.

ती माणसं आली तेव्हा द्राक्षरसाचे रिकामे प्याले गोळा करणं चालू होतं. अकरा जण होते, हातपाय धुतलेले, धुतलेले कपडे घातलेले. एका म्हातारीनं विचारलं, "झालं का?" पाळकसाहेब भले माणूस होते. त्यांचा चेहरा उतरला. उपासना संपल्यावर त्यांनी उरलेली भाकर घेऊन व्हरांड्यात त्या लोकांसाठी पुन्हा प्रार्थना केली. तू आत आलीच नव्हतीस. तू त्यांच्या रांगेत जाऊन बसलीस आणि मला हाक मारलीस, "ये, बस हितं." मी सासूबाईंच्या शेजारी उभी होते. "माझं झालंय," मी म्हणाले.

घरी चहा ठेवताना तू एवढंच बोललीस, "भूक सगळ्यांलाच लागती, बाई. पण ते जेवण भुकेचं न्हवतं." त्यानंतर तो विषय कधी काढला नाहीस. पुढच्या महिन्यात मात्र भाकर भाजून झाल्यावर तू ताट माझ्या हातात दिलंस, म्हणालीस, "सगळे आले की आण," आणि आत जाऊन बसलीस. लग्न होईपर्यंत दर महिन्याला तसंच केलंस. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत असायचे. तो रविवार माझ्या हातून पुन्हा व्हायला नको म्हणून तू हे करतेस, की माझ्यावर विश्वास टाकतेस, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी त्या लोकांना सोडून जेवले, असं तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल. तसं झालं नव्हतं. भाकर माझ्यासमोर आली तेव्हा माझा हातच पुढे झाला नाही. मी ताट शेजारणीकडे सरकवलं. तेव्हा सासूबाईंचं लक्ष नव्हतं. व्हरांड्यात तू हाक मारलीस तेव्हा होतं, म्हणून मी खोटं बोलले.